आतल्या बाजूचा रंग

माझ्या पायाला जन्मजात भिंगरी आहे. पंगतीत बसलो तरी मांडी हलते, कीर्तनाला बसलो तर शेजारचा उठून दुसरीकडे जातो. त्यामुळे माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आईला एकच काळजी लागून राहिली : मुलगी बघायला गेल्यावर हा गप्प बसेल का? मी बसलो. खांबासारखा बसलो. उठले ते माझे वडील, आणि तेही नको त्या वेळी.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. सोलापुरात अप्पांचं चादरींचं दुकान होतं आणि मी त्यांच्या हाताखाली. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्याकडं एक म्हातारी, गोल पाठीची मोटार होती, एका डॉक्टरांनी वापरून वापरून सोडलेली. अप्पा ती स्वतः चालवायचे, दुसऱ्या कुणाला, म्हणजे मला, हात लावू द्यायचे नाहीत.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, आणि माझ्या आत्याच्या यजमानांनी एक स्थळ आणलं. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. अक्कलकोटच्या अलीकडचं गाव, घरचा तेलाचा घाणा, थोरली मुलगी अकरावी झालेली, घरात मराठी-कानडी दोन्ही. मामा म्हणाले, "मानसं चांगली हायत. फकस्त अपमान सोसत न्हाईत." अप्पा म्हणाले, "मग आमी कुटं सोसतो?" दोन्हीकडं एकसारखंच आहे म्हटल्यावर अव्वानं देवापुढं साखर ठेवली.

अप्पांनी मग गाडी रंगवायला काढली. काळा रंग बघून पावण्यांना वाटेल तेरव्याला आलेत, असं त्यांचं म्हणणं. गर्द निळा ठरला. रंगारी बाहेरून हात मारून मोकळा होणार होता, पण अप्पांनी दुकानातला कायदा काढला. आमच्या दुकानात गिऱ्हाईक चादर उलटून बघायचंच, आणि अप्पाही स्वतः उलटून दाखवायचे. चादर दोन्ही अंगांनी सारखी पाहिजे. तेव्हा रंगाऱ्याला ताकीद गेली, "वरून निळं आन् आतून गंज असला धंदा आपला न्हाय. झाकन उगडून आतनं रंग दे. दिवं काडून त्याच्या मागं दे. बोल्ट सुटला न्हाय पायजे." रंगाऱ्यानं एकही बोल्ट सोडला नाही. इंजिनचं झाकण उघडलं की आत दसऱ्याला नव्यानं रंगवलेली पैलवानांची तालीम दिसावी असं चकचकीत निळं. अप्पा गल्लीतल्या लोकांना झाकण उघडून दाखवायचे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कळलं की पुढचे दिवे लागत नाहीत. लागतच नाहीत असंही नाही. बटण ओढलं की आत उदबत्तीच्या टोकाएवढं लाल काहीतरी दिसायचं. अप्पांनी काचेवर दोन थापट्या मारल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "दिवसा जायाचं, दिवसा यायाचं. आन् लाइटाचं तितं कुनी बोलायचं न्हाय. कोरी दिसनारी गाडी, आन् दिवा लागत न्हाय म्हनल्यावर हसं व्हईल."

दुसऱ्या दिवशी वाटेत चाक पंक्चर झालं, तिथंच अर्धा दिवस खलास. पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागलेली.

मुलगी सुशीलेच्या ताटल्या घेऊन आली. आमच्याकडं पावण्यांना पोहे कमी, चुरमुऱ्याची सुशीलाच जास्त. मी दोन्ही हात मांडीवर दाबून बसलो होतो, पाय हलू नये म्हणून. ताटली ठेवताना तिची नजर त्या हातांवर गेली. तिनं ओठ दाबले आणि आलेलं हसू तसंच आत नेलं. एवढंच. मामा तिला शिवणकाम विचारत होते, अप्पा घाण्याचं विचारत होते, मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ही मुलगी मला पाहिजे, हे मला तिथंच, त्या ताटलीपाशी कळलं. असं कळायला फार वेळ लागतो असं लोक म्हणतात. मला नाही लागला.

आतून हुग्गीचा वास सुटला होता. गव्हाची खीर गुळात शिजते तेव्हा तो वास सगळं घर भरून टाकतो. पाट मांडल्याचे आवाज आले. आणि अप्पांनी मान वर करून खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं होतं. अप्पा उठले.

"निघतो आमी."

मुलीचे वडील आधी हसले, थट्टा आहे असं वाटून. मग म्हणाले, "ऊटा माडकोंड होग्री." जेवून जा. दारात तिची आई पदर खोचून उभी होती, तिच्या हातात पळी तशीच.

"न्हाय, दुकानात काम हाय," अप्पा म्हणाले.

तो दुकानाच्या सुट्टीचा वार होता. सुट्टी आहे म्हणूनच आज आलो, असं मामांनी आल्या आल्या सांगून टाकलेलं होतं.

मी खालच्या आवाजात म्हणालो, "अप्पा, लाइटाचं सांगा की." त्यांनी माझ्या कोपराला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मांडलेल्या पाटावरून मुलाकडचे उठले याचा अर्थ आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतो. मुलगी पसंत नाही, आणि तुमचं अन्नही नको. तिच्या वडिलांचा चेहरा माझ्यासमोर बंद झाला. ती आत होती, दिसली नाही. गाडीत मामा मागच्या बाजूला बसून "वाटूळं झालं, वाटूळं झालं," एवढंच सोलापूर येईपर्यंत म्हणत होते. पुरता अंधार पडायच्या आत आम्ही घरी पोचलो, याचा अप्पांना आनंद झाल्यासारखा दिसला.

निरोप यायला उशीर लागला नाही. तुम्हाला मुलगी पसंत पडली नाही असं समजलो, काही हरकत नाही, येत्या गुरुवारी विजापूरचे पावणे बघायला येणार आहेत. मामांनी तो निरोप उभ्या उभ्या सांगितला आणि चहा न घेता गेले.

"चला की परत," मी अप्पांना म्हणालो. "दिवं नीट करतो. जाऊन जेवून येऊ."

"मुलाकडची मानसं दोनदा जात न्हाईत."

"मग सांगावा तरी धाडा, लाइट न्हवता म्हनून."

"आता सांगून कोन पटवून घील? थाप वाटंल. गाडी बघितली न्हवं त्यांनी, कशी झगमगत व्हती?" यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

गुरुवारपर्यंत मी काय जगलो ते मलाच माहीत. दुकानात थान उलगडायचो आणि घडी न करता तसंच टाकून मागच्या अंगणात जायचो, गाडीपाशी. अप्पा माझं ऐकत नव्हते, निदान दिव्यांनी तरी ऐकावं असं वाटत होतं. दिवे लागले की अप्पांना दुसरं कारण उरणार नाही, अशी काहीतरी माझी समजूत. बॅटरी बघितली, ठणठणीत. फ्यूज काढून घासून बसवला. दिव्यातले बल्ब बदलले. पायानं दाबायचं डीपरचं बटण असतं, ते उघडून साफ केलं. काही नाही. उलट गाडी चाळे करायला लागली. मोठे दिवे लावले की ते लागायचे नाहीत, पण शेजारचे छोटे दिवे मिणमिणायचे. हॉर्न वाजवला की दिवे अजून मंद व्हायचे.

अव्वा चुलीवरचं सोडून माझ्यासाठी गाडीपुढं उभी राहायची, कारण आत बसून दिवे दिसत नाहीत.

"लागला?"

"लागला... न्हाय, ग्येला. आता बारका लागला."

"मोठा?"

"मोठ्याचं नाव काडू नगंस." मग ती पदराला हात पुसत म्हणाली, "तुज्या लग्नावानीच हाय बाबा हे. बारक्या बारक्या समद्या गोष्टी व्हायल्यात, मोठी तेवडी हुईना." मी तिच्यावर ओरडलो. ती हसत आत गेली आणि मला तिच्या हसण्याचाही राग आला.

शेवटी अप्पा दुकानात गुंतलेले बघून मी किल्ली उचलली आणि गाडी एसटी स्टँडजवळच्या एका मिस्त्रीकडं नेली. तो मोटारींची विजेची कामं करायचा. दखनी बोलणारा, पान खाणारा, घाई नावाची गोष्ट न ऐकलेला माणूस. मी त्याच्याभोवती येरझारा घालायला लागलो तेव्हा म्हणाला, "अरे बैठो ना भाई, कायकू तरास लेते? बत्ती कहाँ भागके जारई?" त्यानं उजव्या दिव्याभोवतीची कडी काढली, स्क्रू सोडले, अख्खा दिवा तारेसकट बाहेर ओढून मडगार्डच्या काठावर टेकवला. "लगाव."

मी बटण ओढलं. भर उन्हात दिवा असा पेटला की त्याचे डोळे दिपले.

"देखो! कुच नै हुआ इसकू." त्यानं दिवा परत बसवला, स्क्रू आवळले. "लगाव." उदबत्ती.

त्यानं परत काढला. लख्ख. परत बसवला. गेला. असं कितीतरी वेळ चाललं. त्यानं तार बदलून बघितली, बल्बमागची टोपी बदलून बघितली. शेवटी पानाची पिंक टाकून म्हणाला, "पुरानी गाडी है, पूरा वायरिंग नवा डालना पडता. आठ दिन छोडके जाव." आठ दिवस! मी गाडी तशीच, एक दिवा बाहेर लोंबत ठेवून घरी आणली.

दिवा काढला की लागतो, बसवला की जातो. रात्रभर हे डोक्यात फिरत राहिलं. काढल्यावर काय होतं जे बसवल्यावर होत नाही? सकाळी दात घासतानाही मी मडगार्डपाशी उभा. दिवा लोंबत होता तिथं काठ होता, रंगाऱ्याचा हात न पोचलेला, कच्च्या लोखंडाचा. आणि दिवा बसायची जी जागा, ती आतून बाहेरून निळीशार. बोल्टही निळे, बोल्टाखालची जागाही निळी.

अकरावीला शिकलेलं आठवलं. मोटारीत बॅटरीकडून दिव्यापर्यंत तार जाते, पण परत यायला वेगळी तार नसते. गाडीचं लोखंड हीच विजेची परतीची वाट. दिव्याचं लोखंड गाडीच्या लोखंडाला घट्ट लागलं की वीज त्यातून घरी जाते. आमच्या गाडीत या दोन लोखंडांच्या मध्ये अप्पांचा रंग बसला होता. मोठ्या दिव्याची वाट बंद झाली की वीज छोट्या दिव्यातून आडवाटेनं जायची, म्हणून ते मिणमिणायचे.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दिव्याच्या बसायच्या जागेवर चरचर ओढला. नव्या निळ्या रंगावर पांढरा ओरखडा उठला. राग होताच हातात, तोही निघाला. बोल्टाखालची जागा खरवडली, आजूबाजूला जास्तच खरवडली. दिवा बसवला, आवळला, बटण ओढलं. लागला. हलवला, तरी लागला. हॉर्न वाजवला, तरी लागला. मी ओरडलो आणि अव्वा, गल्लीतली बाई, आणि दुकानातून अप्पा, तिघंही बाहेर आले.

अप्पांनी दिव्याकडं बघितलं नाही. ओरखड्याकडं बघितलं. "ह्ये काय केलंस?"

मी सांगितलं. एका दमात सगळं सांगितलं, वीज, लोखंड, वाट. आणि शेवटी सांगितलं की आत रंग दिला नसता तर दिवे गेले नसते. दिवे गेले नसते तर आपण उठलो नसतो. हे बोलताना माझा आवाज चढला होता, अप्पांसमोर तो कधी चढत नसे.

अप्पांना राग येईल म्हणून मी वाट बघत होतो, भांडायला मला बरंच वाटलं असतं. ते दुकानात गेले आणि थानाचे दोरे कापायचं पातं घेऊन आले. दुसऱ्या दिव्यापाशी खाली बसले.

"हितं?"

"व्हय, तितं. बोल्टाच्या खाली पन."

"ह्यो पन काडू?"

"समदंच काडायला लागंल, अप्पा."

त्यांनी काढलं. स्वतःच्या हातानं, पापुद्रा पापुद्रा. निळी पापडी त्यांच्या धोतरावर पडत होती. मधेच म्हणाले, "मला वाटलं आतनं चांगलं असावं." मला एकदम वाईट वाटलं. इतका वेळ मी त्या माणसावर चिडलो होतो. तो तर फसवायचं नाही म्हणून रंग लावत बसला होता. दोन्ही दिवे लागले. अप्पा उठून हात झटकत म्हणाले, "चूक माज्या रंगाची हाय. तवा सांगायला मलाच जायला पायजे. मामाला बोलव. आन् आज मुद्दाम उन्हं उतरल्यावर निघायचं."

तो बुधवार होता, विजापूरचे पावणे यायच्या आदला दिवस.

बोलावल्याशिवाय मुलाकडचे दुसऱ्यांदा दारात म्हटल्यावर ते घर दचकलंच. मुलीच्या वडिलांनी 'बर्री', या, एवढं म्हटलं, घोंगडी टाकली, पण पाण्याचा तांब्या स्वतः न देता गड्याच्या हातून दिला. चहा आला, घरातल्या बाईच्या हातून नाही. अप्पांनी सुरुवात केली ती कापसाच्या भावापासून. मग सुताचा भाव. मग यंदाची ज्वारी. मामा घसा खाकरायचे, अप्पा ज्वारीवरून करडईवर जायचे. सोलापुरात दुकानाच्या पायरीवरून अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, आणि तीन शब्दांचं वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं. माझा पाय आता हलत होता, चांगलाच हलत होता, आणि मी तो हलू दिला.

बाहेर करडं झालं. मग काळं. त्या घरात अजून वीज नव्हती. दिवेलागण झाली आणि ती समई उजळून बाहेर आली. कोनाड्यात ठेवली, देवाला हात जोडले. मग मागं न वळता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली :

"आज अंदार पडला की काका. आज दुकानात काम न्हाय?"

तिच्या वडिलांनी तिला गप्प करायला हात वर केला. मामांनी डोळे मिटले. आणि अप्पांच्या तोंडून ते वाक्य निघालं.

"लाइट न्हवता, पोरी. गाडीला त्या दिवशी लाइट न्हवता."

आणि मग सगळंच निघालं. रंग, आतली बाजू, पंक्चर, हसं होईल म्हणून गप्प बसलो, सगळं. अप्पा बोलत राहिले आणि समोरची माणसं ऐकत राहिली. शेवटी म्हणाले, "वाटलं, एवडी रंगवून आनली, आन् दिवा लागत न्हाय म्हनलं तर तुमी काय म्हनाल."

ती आता वळली होती. हसत नव्हती.

"एवडं सांगायला काय जड व्हतं? आमी कंदील दिला नसता का? न्हायतर ऱ्हावा म्हनलं नसतं का? आमची अव्वा त्या रातीला जेवली न्हाय. हुग्गी गाईला घातली."

माझ्या आयुष्यात अप्पांना कुणी असं विचारलेलं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. त्यांनी आधी मान खाली घातली. मग तिच्या आईला, दाराआड जी सावली होती तिला, हात जोडले. "चुकलं माजं."

तिचे वडील उठले. बाहेर अंगणात गेले आणि गाडीकडं बघून ओरडले, "लावा बगू दिवं!" मी धावलो. बटण ओढलं. समोरची घाण्याची भिंत, लिंबाचं खोड, बांधलेला बैल, सगळं एकदम उजेडात आलं. त्यांनी दिव्याजवळ वाकून खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं, हसायला लागले आणि आत बघून म्हणाले, "पाट मांडा."

हुग्गी नव्हती, आमच्यासाठी काही रांधलेलंच नव्हतं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि एक कांदा बुक्कीनं फोडलेला. अप्पा दोनदा वाढून घेऊन जेवले. मी काय खाल्लं ते आठवत नाही, कारण एका गोष्टीबद्दल अजून कुणी बोललेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विजापूरचे पावणे यायचे होते. आपण जेवलो म्हणजे अपमान मिटला. मुलीनं हो म्हटलं असं त्यात कुठं आलं?

निघताना आम्ही गाडीत बसलो. दिवे लावलेले, इंजिन चालू. तेवढ्यात ती पेटता कंदील घेऊन पायरी उतरली.

तिचे वडील म्हणाले, "आता लाइट हाय की गं त्यास्नी."

"असू दे," ती म्हणाली. तिनं कंदील खिडकीतून आत दिला, अप्पांच्या नाही, माझ्या हातात. "हौस म्हनून देत न्हाय. घरचा कंदील हाय. परत आनून द्यायला लागंल." आणि मग, आत जाता जाता, वडिलांना, "विजापूरला सकाळीच सांगावा धाडा."

अक्कलकोट रोडला त्या काळी एखादी बैलगाडी सोडली तर कुणी नसे. आमचे दोन दिवे लांबपर्यंत रस्ता धुवून काढत होते. अप्पा अधूनमधून डीपर दाबून बघायचे, उगाच, आणि खूश व्हायचे. मी पेटता कंदील मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. थोड्या वेळानं अप्पा म्हणाले, "आरं, इजव की तो. काच तडकंल. लाइट हायत की."

"न्हाय अप्पा," मी म्हणालो. "असू द्या."

मागच्या सीटवरून मामा म्हणाले, "बघा, आज ह्याचा पाय हलंना."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, कंदिलाकडं बघितलं, आणि तो हिंदकळू नये म्हणून गाडी अगदी सावकाश चालवायला घेतली.